मंगलच्या नावचा झोला

काशीला जायचं ठरलं ते काही हौसेनं नाही. माझी भावजय मंगल गेल्या हिवाळ्यात गेली, तिचं वर्षश्राद्ध तिथंच होतं. माझा धाकटा भाऊ विजू रेल्वेत. नोकरीपायी बनारसमध्ये इतकी वर्षं काढली की हा आता शिंकतोसुद्धा हिंदीत, असं मंगल चिडवायची. मूलबाळ नाही. फोनवर कधीही विचारा, "जेवलास का?" तर "हो अक्का, झालं." पण त्याच्या शेजारणीनं मला परस्पर फोन केला, "दीदी, भैया बहुत दुबला गए हैं, आप आ जाइए." मग मी घरात सांगितलं, डबा लावून घ्या, मी निघाले.

थंडीत जाणाऱ्यांसाठी सांगते. मी कऱ्हाडहून एसटीनं पुणं गाठलं, तिथून थेट गाडी मिळते. स्लीपरचं तिकीट परवडतं, पण धुक्यामुळे गाडी किती रखडेल याचा नेम नाही, तेव्हा दशम्या-चटणी जवळ असू द्या. शिवाय तिकिटावरचं स्टेशनचं नाव नीट वाचा. 'वाराणसी' वेगळं, 'बनारस' वेगळं. अलाहाबादनंतर बाहेर नुसतं पांढरं. शेत नाही, झाड नाही, काही दिसत नव्हतं. मला उगीचच रडू येत होतं.

विजू फलाटावर उभा होता आणि मी त्याच्यासमोरून पुढं गेले. खरंच ओळखलं नाही. स्वेटर अंगावर लोंबत होता, गालफडं बसलेली. "मेल्या, काय करून घेतलंस हे!" एवढंच माझ्या तोंडून निघालं. तो हसला आणि माझी बॅग उचलायला वाकला. मी दिली नाही.

सकाळी त्यानं मला कचोरी-जलेबीला नेलं. बनारसला गेलात तर नाश्ता घरी करू नका, द्रोणातली कचोरी आणि वर गरम रस्सा, स्वस्तात पोट भरतं. मी खाल्ली. हा बिनदुधाच्या चहाचा कुल्हड धरून उभा. "तू?" तर म्हणे, "भाजीत बटाटा असतो. सोडलाय." दुपारी मी फ्लॉवर केला. "सोडलाय." रात्री मटारची उसळ. "अक्का, तेही सोडलंय गं."

काशीला येऊन आवडीचं एखादं फळ किंवा भाजी सोडायची, ही आपल्याकडची रीत तुम्हाला ठाऊक असेल. लोक शहाणे, कारलं सोडून मोकळे होतात. विजूनं मंगलच्या अस्थी गंगेत सोडल्या त्या दिवशी वांगं सोडलं. भरीत म्हणजे त्याचा जीव की प्राण, म्हणून ते. इथवर ठीक. पण पुढं दर महिन्याच्या श्राद्धाला हा घाटावर जायचा आणि आणखी एक काहीतरी सोडून यायचा. बटाटा, फ्लॉवर, मटार, पालक, मुळा, भोपळा, दूध, पोळीसुद्धा.

"आणि वर्षश्राद्धाला काय?" मी विचारलं.

"भात."

माझं डोकंच फिरलं. "मग राहिलं काय? वरणाचं पाणी? सरळ सांग की मरायचंय!" तो उठून ताट विसळायला गेला. नाही म्हणाला असता तर बरं वाटलं असतं. मला फार भीती वाटली त्या रात्री.

दुसऱ्या दिवशी मी एकटीच संकठा घाटाच्या वरच्या गल्लीत मंगलचं श्राद्ध करणाऱ्या गुरुजींकडे गेले. रिक्षा आत येत नाही, चालावंच लागतं, आणि गाय आली की भिंतीला चिकटून उभं राहायचं. गुरुजींचं घराणं कोकणातलं, पण पिढ्यान्‌पिढ्या काशीत. "ताई, काय सोडता म्हणून मी तर एकदाच विचारलं होतं," ते म्हणाले. "हे तर दर महिन्याला येऊन काही न काही सोडून जातात. मी मना केलं, ऐकतच नाहीत."

"मग भाताला तरी नाही म्हणा."

"संकल्प ज्याचा त्याचा. जबरदस्ती कशी करणार, सांगा तुम्हीच?"

हात हलवत परत आले, तर घरात मंगलचा फोन वाजत होता. हो, मंगलचा. विजूनं तो वर्षभर चार्ज करून ठेवलाय. पलीकडून एक बाई मोठ्यानं बोलत होती, "मंगल भाभी का नंबर आ गया है! कब आइएगा?" विजूनं तो दोन्ही हातांनी कानाशी धरला होता. मग म्हणाला, "कल आते हैं."

झालं होतं असं, की आजारी पडायच्या आधी मंगलनं रामनगरच्या पलीकडच्या एका सेंद्रिय शेतावर नाव नोंदवलं होतं. हंगामाचे पैसे आधी भरायचे, मग दर आठवड्याला शेतातला वाटा झोल्यातून घरी येतो. बाजारासारखं हे द्या-ते नको नाही. पिकेल ते घ्यायचं, आणि बुडालं तर शेतकऱ्याबरोबर आपलंही बुडालं. ठरावीकच घरं घेतात, म्हणून प्रतीक्षायादी.

तिथं जायचं असेल तर लंका नावाच्या चौकावरून सामने घाटचा पूल ओलांडा, रामनगरपर्यंत ई-रिक्षा मिळते. पुढचा रस्ता खड्ड्यांचा, कंबर सांभाळा. आम्ही पोचलो तेव्हाही धुकं होतं. शेत चालवणाऱ्या उर्मिलादीदी बांधावरून ओरडत आल्या, "भाभी कहाँ हैं?"

विजू बुटांकडे बघत राहिला. मीच सांगितलं.

दीदींनी पदर तोंडाला लावला. मग म्हणाल्या, "तो नाम काट के आपका लिख दें, भैया?"

"नाम वही रहने दीजिए," विजू म्हणाला. एवढं ठाम तो त्या आठवड्यात पहिल्यांदाच बोलला.

पहिला झोला सभासदानं स्वतः खुडून भरायचा, असा तिथला शिरस्ता. रात्री नीलगायी मटारात घुसल्या होत्या. वेली आडव्या, शेंगा चिखलात. दीदी म्हणाल्या, "जौन बचल बा, उहे मिली." उरलंय तेच मिळेल. विजू गुडघ्यावर बसून चिखलातल्या शेंगा वेचायला लागला. मग पालक, मुळा, आणि रामनगरचा तो प्रसिद्ध भंटा, म्हणजे वांगं, दोन्ही हातांत धरावं एवढं. सगळं त्यानं सोडलेलं. 

"आप तो खाते नहीं, फिर खाएगा कौन?" दीदींनी विचारलं, कारण मी मघाशी त्याच्या सोडण्याचंही सगळं सांगून बसले होते.  उत्तर मला परतीच्या रिक्षात सुचलं.

घरी येऊन वांगं भाजलं, भरीत केलं, मटार घातला, भात टाकला. दोन पानं घेतली. विजूच्या पानात नुसतं वरण. दुसऱ्यात सगळं वाढलं आणि ते मंगल बसायची त्या पाटासमोर ठेवलं. "झोला तिच्या नावचा, आधी तिला," म्हटलं. तो बघत राहिला. मंगल कधी पूर्ण जेवायची नाही, तिच्या पानात राहिलेलं नेहमी हाच संपवायचा. मला ते माहीत होतं.

थोड्या वेळानं ते पान मी त्याच्यापुढं सरकवलं. "उरलंय तिचं. टाकून देऊ? तिला पानात टाकलेलं चालायचं का?"

 मग त्यानं भरीत-भाताचा घास घेतला आणि हमसून हमसून रडला. रडत रडत सगळं संपवलं, बोटं चाटली. मी स्वयंपाकघरात जाऊन ओट्याला धरून उभी राहिले.

श्राद्धाच्या दिवशी घाटावर वारा बोचरा होता. विधी झाल्यावर गुरुजींनी माझ्याकडे बघत बघतच त्याला विचारलं, "काही सोडणार का?"  विजू पाण्याकडे बघत म्हणाला, "यंदा राहू द्या." गुरुजींनी मलाही विचारलं. मी कारलं सोडलं.

निघताना मी म्हणाले, चल कऱ्हाडला, पुरे झालं इथं. तो म्हणाला, "दर आठवड्याला झोला येईल अक्का, घ्यायला कोणी नको का?" गाडी सुटेपर्यंत मी त्याच्यावर चिडलेलीच होते.

आता घरी आहे. सगळ्यांना सांगते, विजू सुधारला, गालावर जरा मांस आलंय. खोटं नाही ते. झोला आला की जेवणाचा फोटो पाठवतो, पालक, निमोना म्हणजे तिकडची मटारची आमटी, भरीत. फोटोत नेहमी दोन पानं असतात. एक भरलेलं, एक कोरं. भरलेलं तिचं, कोरं त्याचं.

ही युक्ती मीच शिकवली त्याला. आता कशी मोडायची, मला कळत नाही.