कार्डातली जागा

काल राजारामपुरीत नवा फोन घेतला. जुन्यातलं सगळं नव्यात घालून दुकानदार म्हणाला, "एक फोटोबी मागं राहिला न्हाय बघा. अजून निम्मा फोन मोकळा हाय."

मला गडमुडशिंगीतलं मोबाईलचं दुकान आठवलं. कॉलेजात असताना मेमरी कार्डात गाणी भरून घ्यायला आईबरोबर गेले होते. कार्डात जागाच नव्हती. दुकानदारानं त्यातलं एक रेकॉर्डिंग लावलं. मीच गोठ्यात केलेलं. आई गुणगुणत होती, चरवीत दुधाची धार वाजत होती.

"हे कॉम्प्युटरवर काढून ठेवू?" त्यानं विचारलं.

आई लाजली. "माझं काय ठेवायचं त्यात? पुसा की ते. पोरीची गाणी बसू देत."

मीही हसले आणि ते पुसू दिलं.

पुढं काही वर्षांनी आई गेली. ती गाणी मात्र आजही कुठंही मिळतात.