टेबल अडवणारं प्यादं

परंड्याच्या स्टँडसमोरच्या चहाच्या हॉटेलात आमच्यामुळं एक टेबल अडकून पडलं होतं. आमच्यामुळं म्हणजे माझ्या आणि टेलरच्या. मी एसटीतला रिटायर कंडक्टर. तो शेजारच्या गल्लीत कपडे शिवणारा, शाळेपासूनचा दोस्त. रोज दुपारी बुद्धिबळाचा एक डाव ठरलेला. त्या दिवशी माझं प्यादं पार शेवटच्या घरात पोचलं. मी म्हणालो, "वजीर!"

"घोड्याच्या घरात पोचलंय, घोडाच होणार," टेलर म्हणाला. "बापजाद्यांपासून असंच चालत आलंय."

"जगात कुठंबी प्याद्याचा वजीर होतो."

"मग जा की जगात खेळायला!"

हे मला लई झोंबलं. मी उठलो, तोही उठला. पट तसाच मांडलेला राहिला, कारण जो सोंगट्या उचलेल त्यानं हार मानली, हे न बोलताच ठरलेलं.

त्यानंतर आम्ही यायचो रोज, पण पाठीला पाठ लावून बसायचो. टेलर हॉटेलवाल्याला म्हणायचा, "कंडक्टरला सांग, त्याची पँट शिवून झाली." अरे, हातभर अंतरावर बसलोय, बहिरा हाय का मी? पण मीबी उत्तर हॉटेलवाल्याकडंच द्यायचो. खरं सांगतो, दुप्पट साखर घालूनही चहा गोड लागत नव्हता.

शेवटी हॉटेलवाला कावला. "काका, चाचा, मला माझं टेबल पायजे!" त्या दुपारी त्याच्या मोबाइलवर दोन ग्रँडमास्टरांचा डाव चालू होता, दोन्हीकडं आपलीच पोरं. त्यानं मोबाइल साखरेच्या बरणीला टेकवला आणि म्हणाला, "एकेक गडी घ्या. ज्याचा हरल त्यानं आधी बोलायचं आणि पट उचलायचा." मी पांढरा घेतला. म्हणून टेलरनं काळा.

काय सांगू राव, काय झुंजली ती पोरं! वजीर गेले, हत्ती गेले, चहाची किटली दोनदा रिकामी झाली. माझ्या गड्याचं एक प्यादं पुढं सरकायला लागलं, तसा मी खुर्चीच्या टोकावर आलो. टेलरचा गडी नुसता घोडा नाचवत होता. प्यादं वजीर व्हायला एकच घर उरलं आणि टेलरनं डोळे मिटून घेतले. मला आनंद व्हायला पायजे होता. पण मी मोबाइल सोडून टेलरकडंच बघायला लागलो. हा माणूस मोडेल पण वाकायचा नाही. हरला आणि उद्यापासून हॉटेलात यायचाच बंद झाला, तर? अन् तेवढ्यात टेलरच्या गड्यानं घोडा देऊन माझं प्यादं मारलं. पटावर नुसते दोन राजे उरले. डाव बरोबरीत सुटला.

"आता माझ्या टेबलाचं काय?" हॉटेलवाला ओरडला.

मोबाइलवर दोघांनी हात मिळवले. मला वाटलं, आता उठून दोन दिशांना जातील. कसलं काय! तिथंच बसून दोघं सोंगट्या पुन्हा मांडायला लागले. एक दाखवतोय, दुसरा मान हलवतोय, दोघंही हसतायत. इतका वेळ एकमेकांच्या जिवावर उठलेली पोरं! माझी मलाच लाज वाटली. मी वळलो, तर टेलर आधीच माझ्याकडं वळून बसलेला.

"घोडा तर घोडा," मी म्हणालो.

"घे बाबा वजीर," तोही त्याच क्षणाला म्हणाला.



"घोडा म्हणालो ना मी!"

"म्या वजीर दिला म्हंजे दिला! आता मागं घ्यायचा न्हाय!"

हॉटेलवाल्यानं कपाळाला हात लावला. त्याचं टेबल अजून अडकलेलंच आहे. फक्त आता आम्ही दोघं समोरासमोर बसून भांडतो, आणि चहाला साखर कमीच लागते.