खव्याला कितीने भागायचं

रशियातल्या अणुभट्टीला अपघात झाला तेव्हा माझी मुलगी पोटात होती, आणि त्या बातमीचं मला काही वाटलं नव्हतं. रशिया लांब. मुलुंडला आमच्या बिल्डिंगीत तेव्हा पाण्याची बोंब होती, आम्हाला त्याचीच काळजी. पुढे मुलगी झाली, अंगावरचं दूध पुरेना म्हणून तिला वरचं दूध सुरू केलं, आणि नेमकी त्याच सुमाराला ती गोष्ट आमच्या जिन्यात येऊन पोचली.

गोष्ट अशी, की युरोपातल्या गाईंनी तिकडचं विषारी झालेलं गवत खाल्लं, त्यांच्या दुधाची पावडर तिकडे कुणी घेईना, म्हणून ती स्वस्तात आपल्याकडे पाठवली आणि सरकारी दूधकेंद्रावरच्या दुधात मिसळतात. कुणी सांगितलं म्हणून विचारलं तर प्रत्येकीचं बोट दुसरीकडे. एक म्हणाली, दूध दोनदा उकळलं की किरणं उडून जातात. दुसरी म्हणाली, उकळलं की उलट वाढतात. बाटलीतलं वाईट आणि पिशवीतलं चांगलं, असंही आठवडाभर चाललं. पेपरात एके दिवशी छापून आलं की अशी पावडर बंदरात अडवली. मग खुलासा आला की अशी पावडर आलेलीच नाही. नवरा दोन्ही पेपर समोर ठेवून बसला होता. आलीच नाही तर अडवली काय, हे त्याला कळेना आणि मलाही.

मी मुलीला घेऊन डॉक्टरांकडे गेले. त्यांनी मला अजिबात काळजी करू नका म्हणून सांगितलं. निघताना मी सहज विचारलं, तुमच्या घरी कुठलं दूध घेता. ते म्हणाले, सध्या आम्ही तबेल्यातून आणतो. तबेल्याचं आम्हीही आणून पाहिलं होतं. त्यात इतकं पाणी, आणि कुठलं कोण जाणे, की मुलीचं पोट बिघडलं. म्हणजे एका दुधात जे दिसत होतं त्याची भीती, आणि दुसऱ्यात जे दिसतच नव्हतं त्याची.

आमच्या वरच्या मजल्यावर एक काका राहायचे. मूळचे मालवणकडचे, उभा जन्म बोटीवर रेडिओ ऑफिसर म्हणून गेलेला. रिटायर झाल्यावर रीतसर परवाना काढून त्यांनी घरीच हौशी रेडिओ बसवला होता. गच्चीवरून माडापर्यंत ताणलेली एक तार, आणि खोलीत संध्याकाळभर मोर्सची टिकटिक. ते सुरू झाले की सगळ्यांच्या टीव्हीवर आडव्या रेघा यायच्या, म्हणून बिल्डिंगीत त्यांच्याविषयी फारसं प्रेम नव्हतं. पण ते जगभरच्या आपल्यासारख्याच हौशी लोकांशी बोलायचे, हे सगळ्यांना माहीत होतं. मी त्यांना विचारायला गेले की तिकडच्या आया मुलांना काय पाजतात, एवढं कुणाला तरी विचाराल का.

त्यांनी हेडफोनची वायर गुंडाळून ठेवली. मग म्हणाले, “बाय, दुसऱ्याचो निरोप धाडूक माका परवानगी नाय. पण माझी नात काय पिता, ता मी इचारू शकतंय.”

त्या दिवसापासून माझी मुलगी कागदोपत्री नव्हे पण हवेत त्यांची नात झाली.

उत्तरं येत गेली तशी मी जास्तच गोंधळले. पोलंडचा एक जण म्हणाला, शाळेत मुलांना रांगेत उभं करून आयोडीनचं एक तपकिरी औषध पाजलं, कशासाठी ते त्याला पुढे परदेशी रेडिओवरून कळलं. फ्रान्सचा म्हणाला, आमच्याकडे काहीही नाही, आम्ही सगळं खातो. एकदा एक रशियातलाच सापडला. काकांनी त्याला विचारलं, तर तो हवा कशी आहे ते सांगत राहिला, आपल्या एरियलची उंची सांगितली आणि शुभेच्छा देऊन गेला. काका म्हणाले, त्यालाही पोरं असतील.

पश्चिम जर्मनीतला एक मास्तर मात्र थांबला. शाळेत पदार्थविज्ञान शिकवायचा. त्याच्या गावात बायकांनी एकत्र येऊन किरणं मोजायचं यंत्रच आणलं होतं, कारण सरकार एक सांगे आणि शेजारच्या प्रांतातलं सरकार दुसरंच. मला वाटत होतं तिकडे सगळ्यांना सगळं कळत असेल. त्याने काकांना विचारलं, तुमच्याकडे कोण मोजतं? काकांनी पेन्सिलीने उतरवून घेतलेलं ते वाक्य वाचून दाखवलं आणि माझ्याकडे पाहिलं. मोजत असेल कुणीतरी. कुठे, ते कुणाला विचारायचं हेच ठाऊक नव्हतं.

मास्तर म्हणाला, मग पाठवा, आम्ही मोजतो. पण दूध तिथवर टिकणार कसं? सुकवून पाठवा, म्हणाला.

हे मी सासूबाईंना सांगितलं. त्यांना किरणं वगैरे काही पटलेलं नव्हतं, पण दूध सुकवायचं म्हणजे खवा करायचा, एवढं त्यांना लगेच समजलं. आमच्या मजल्यावरच्या चार बिऱ्हाडांनी आपापलं केंद्रावरचं दूध आणून दिलं. सासूबाई मोठ्या कढईसमोर बसल्या आणि दुपार होईपर्यंत ढवळत राहिल्या. सवयीने हात साखरेच्या डब्याकडे गेला तेव्हा मी तो धरला. मजल्यावरची पोरं दाराशी येऊन वास घेत होती आणि कुणालाही चिमूटभर द्यायचा नव्हता. मग तो खवा कुसकरून मलमलच्या फडक्याखाली गच्चीवर वाळवला, कावळे हाकलायला पाळ्या लावल्या, आणि चहाच्या रिकाम्या डब्यात भरून काकांच्या एका जुन्या बोटवाल्या मित्राबरोबर हॅम्बुर्गला धाडला, तिथून पुढे टपालाने मास्तरकडे.

काही आठवड्यांनी एका संध्याकाळी काकांनी वरून हाक मारली. मी मुलीला कडेवर घेऊन गेले, मागोमाग नवरा आणि सासूबाई. टिकटिक थांबली आणि काकांनी कागद फिरवला. त्यावर एक आकडा होता. त्याखाली लिहिलं होतं की मास्तरच्या प्रांतात दुधाला एवढं चालतं, शेजारच्या प्रांतात त्याहून पुष्कळ कमी, आणि त्या गावच्या बायका आपल्या बाळांसाठी त्याहूनही कमी धरतात. पण हा आकडा सुक्या दुधाचा आहे, आटवल्याने तो वाढतो, तेव्हा मूळ दूध किती होतं ते कळवा, म्हणजे जितके पट आटलं तितक्याने भागता येईल.

सगळ्यांनी सासूबाईंकडे पाहिलं.

“आई, दूध किती होतं हो?” नवऱ्याने विचारलं.

“भरपूर होतं की,” त्या म्हणाल्या.

कुणीच मोजलं नव्हतं. नवऱ्याने कागदावर भागाकार मांडले. लहान आकड्याने भागलं तर उत्तर त्या बायकांच्या मर्यादेच्या जरा वर जाई. मोठ्याने भागलं तर कुठल्याच मर्यादेला शिवत नसे. खात्री करायची म्हणून आम्ही मोजून दूध घेऊन पुन्हा खवा केला, तर त्या दिवशी दूध पातळ आलेलं आणि खवा निघाला मूठभर. पुढच्या खेपेला निराळाच. कितीने भागायचं ते रोज बदलत होतं.

मला वाटलं होतं, आकडा आला की कळेल. आता आकडा होता आणि कळत मात्र नव्हतं. मी मुलीकडे बघत बसले. ती पेन्सिल तोंडात घालायच्या खटपटीत होती.

शेवटी निकाल सासूबाईंनी दिला. “अर्धं घाबरायचं असेल तर अर्धंच पाजू या,” म्हणाल्या. त्यांनी नाचणी भिजवली, मोड आणले, वाळवून दळून आणली आणि वस्त्रगाळ केली. दिवसातून दोनदा नाचणीचं सत्त्व, दोनदा दूध. बरोबर होतं की चूक, ते मला तेव्हा सांगता आलं नसतं आणि आजही येत नाही. मुलगी अंगाने भरली, रांगली, उभी राहिली. आमच्या जिन्यातली चर्चा यथावकाश दुसऱ्या कशाकडे वळली. पावडर आली होती की नव्हती, हे शेवटपर्यंत आम्हाला कुणी सांगितलं नाही.

काकांनी हे सगळं मास्तरला कळवलं होतं. आठवडाभरात त्याचा प्रश्न आला, तिथल्या बायकांचा. नाचणी म्हणजे काय, आणि ती बाळाला कशी देता? सासूबाईंना वर बोलावलं. त्या स्टुलावर बसून सांगत होत्या, मी इंग्रजी करत होते आणि काका टिकटिकवत होते. मोड आणणे याला इंग्रजीत शब्द सापडला, वस्त्रगाळला सापडेना. शेवटी काकांनी ते तीन ओळींत समजावलं, आणि खाली कुणाच्या तरी टीव्हीवर रेघा आल्याची ओरड ऐकू आली.

पलीकडून विचारलं, भिजत किती वेळ घालायची?

सासूबाई म्हणाल्या, “त्यांच्याकडे थंडी असते ना? मग मला काय सांगता येणार नाही. म्हणावं, हात लावून बघा.”

काकांनी तसंच्या तसं पाठवलं.