ऊब सांभाळणारे चाचा

आमच्या टॉवेल रंगवायच्या कारखान्यात बॉयलरवर एक चाचा आहेत. येता-जाता वाफेच्या पाइपाजवळ तळहात धरतात. "हितनं ऊब पळतीया की!" म्हणत लगेच तिथं जाड पट्टी गुंडाळतात.

मी आठवीत शाळा सोडून थेट गडचिरोलीहून आलेला. एकदा ओला शर्ट गरम पाइपावर वाळवायला मीच पट्टी सोडली. वाफ वाटेतच थंड झाली आणि टॉवेलांवर रंग फिका चढला.

"पाइप कुणी उघडला?" मालक ओरडले. आता काम जाणार म्हणून मी शर्ट पाठीमागे लपवला.

"मीच. गळती बघत होतो," चाचा म्हणाले. मालक तसेच परत फिरले.

मग चाचांनी पट्टी माझ्या हातात दिली. "गुंडाळ. आन् शर्ट भाईर टाक रं बेटा. सोलापुरात उन्हाची कमी हाय व्हय?"