सासूबाईंचे गुडघे

आमच्या नरडाण्याजवळच्या गावात कुणी वारलं की आधी धुरपदाबाईला बोलावतात. साठी ओलांडलेली, दिवसभर कापूस वेचणारी बाई. येते, पापण्या मिटते, हनुवटीला फडकं बांधते, हातपाय सरळ करून पायांचे अंगठे जुळवून बांधते. कुणाकडे चहासुद्धा घेत नाही. अंग आखडायच्या आत हे उरकावं लागतं, हे तिला कुणी शिकवलेलं नाही.

मला शिकवलं होतं. मी प्राणिशास्त्राची बी.एस्सी. मरणानंतर स्नायू का ताठरतात, या प्रश्नाला दहापैकी नऊ गुण पडले होते.

तरी गेल्या थंडीत सासूबाई सकाळी उन्हात खुर्चीवर बसल्या बसल्या गेल्या, तेव्हा मी काय केलं? नवरा डॉक्टरांमागे नि नातेवाइकांमागे धावत होता. मी 'भूमिका येईपर्यंत कुणी हात लावू नका' असं सगळ्यांना बजावलं आणि फोन घेऊन बसले. भूमिका माझी मुलगी, जळगावला शिकते, आजीची फार लाडकी. जागा मिळाली का, काही खाल्लंस का, शेजारी कोण बसलंय? असे अकरा फोन झाले. सासूबाई तोवर चार तास गुडघे दुमडून, तोंड उघडं ठेवून तशाच.

धुरपदाबाई शेतातून आली नि तिने कपाळावर हात मारला. "काबर व माय, इतली शिकेल तू, आनि अक्काले अशीच बसाडी ठेवी?"

मला रडूच फुटलं. भूमिकेला आजी अशी दिसली, तर जन्मभर तेच डोळ्यांपुढे राहील. गाडी तासाभरात येणार होती.

"रडी काय राहिनी? पाणी तपाव."

सासूबाईंना चटईवर घेतलं. गरम पाण्यात पिळलेला पंचा तिने गुडघ्यांवर ठेवला, जबडा चोळून चोळून मिटवला. एक पाय स्वतः धरला, दुसरा माझ्याकडे दिला. मी जोर लावताच ओरडली, "दम धर व, हाऊ काय हापसा शे?" मग सासूबाईंशीच बोलू लागली, "अक्का, ढीला सोड पाय. नात ई राहिनी." हळूहळू गुडघे उतरले. माझ्या बाजूचा जरा उंचच राहिला. तो झाकायला तिने वर गोधडीची घडी ठेवली.

भूमिका आली, आजीच्या पायांवर डोकं ठेवून खूप रडली. मग म्हणाली, "किती शांत झोपलीय गं. कुणी केलं हे सगळं?"

मी तोंड उघडायच्या आधीच धुरपदाबाई म्हणाली, "तुन्ही मायनी."

मी नाही म्हटलं नाही. अजूनही भूमिकेला खरं सांगितलेलं नाही.