वारा असताना थांबलेली पाती

ह्यांना स्कॉटलंडच्या पवनचक्क्या जवळून बघायच्या होत्या. बर्मिंगहॅमच्या कारखान्यात विजेच्या मोटर्स दुरुस्त करण्यात आयुष्य गेलं, ते बघणं राहिलं. हे गेल्यावर मी लायब्ररीतून विजेवरची पुस्तकं आणून वाचली आणि ऑक्टोबरात एकटीच निघाले.

ग्लासगोपर्यंत ट्रेन, तिकीट आधी काढलं तर बरंच स्वस्त पडतं. पुढे डोंगराकडे बस. आपला इंग्लंडचा सीनियर बसपास तिकडे चालत नाही. मी ऐटीत दाखवला आणि ड्रायव्हरनं हसून परत दिला.

उतरले मोइराकडे. तीही नवऱ्यामागे एकटीच, घरातली एक खोली पाहुण्यांना देते. "ये आत, हेन, गारठलीस!" तिकडे बायकांना लाडानं कोंबडी म्हणतात. गावात गॅसची लाइन नाही, सगळं विजेवर. मोइरा स्वयंपाकघरातही कोट घालून होती. घराला गिऱ्हाईक आलं होतं. विकायचं की अजून एक हिवाळा काढायचा, हे तिला त्याच आठवड्यात ठरवायचं होतं.

सकाळी बटाट्याचे स्कोन खाताना खिडकीतून पवनचक्क्या दिसल्या. वारा सोसाट्याचा, पाती मात्र जागच्या जागी.

"बिघडल्यात का?"

"छे! वीज वाहून नेणाऱ्या तारा भरल्या की कंपनीला चक्क्या थांबवायचे पैसे मिळतात. हीटर बंद ठेवायचे मला कोण देतंय?"

शेजारचा युअन दूध द्यायला आला होता. त्याच्या जमिनीवर एक चक्की आहे, तिचं भाडं त्याला मिळतं. "गावच्या हॉलचं छप्पर कुणी घालून दिलं, मोइरा? ह्याच कंपनीनं ना?"

"घातलं रे बाबा. मग आता हॉलमध्ये झोपू का?"

पवनचक्क्यांसाठी बिलातून घेतली जाणारी सबसिडी काढली तर बिल उतरेल का, यावर दोघांची जुंपली. शेवटची कमी पडणारी वीज गॅसवर बनते म्हणून सगळ्याच विजेचा दर पुष्कळदा गॅसच्या भावावर ठरतो, हे मी पुस्तकात वाचलेलं सांगितलं. मोइरा म्हणाली, "म्हणजे वारा आमचा आणि भाव गॅसचा!"

दुपारी टेकडी चढले. वाट सोपी, पण चिखल फार; बूट चांगले हवेत. मी एका चक्कीखाली उभी असतानाच पाती फिरायला लागली. वरून जड श्वासासारखा आवाज येत होता. ह्यांनी मान वर करून त्यातला जनरेटर समजावला असता. मी नुसतीच बघत राहिले.

निघताना सवयीनं इंग्रजीतच म्हणाले, "बरं, मी येते."

"येतेस? तू तर चाललीस!"

आमच्यात जाते म्हणत नाहीत, येते म्हणतात, म्हणजे माणूस परत येतं, असं मी समजावलं. ती हसली. मग माझी बॅग फाटकापर्यंत आणत म्हणाली, "तू येशील, हेन, पण मी नसेन. सकाळीच घर घेणाऱ्यांना हो म्हटलंय."

घरी पोचून हीटर लावला. वीज तिकडूनच आली असेल की नाही, कोण जाणे.

हॉस्पिटलात जाताना हेही दारातून "येतो" म्हणाले होते. ही नुसती बोलायची रीत आहे, हे मला तेव्हापासून ठाऊक आहे. तरी मोइराला मी उलटंच सांगून आले.