हळदीच्या अंगानं पेपर

अक्काच्या पहिल्या बाळंतपणाला मला लातूरकडून कासुर्डीला आणलं, तेव्हा माझी सहावी झाली होती. आम्हांला आई नव्हती, म्हणून बाळंतपण तिच्या सासरीच. पोर सांभाळून दोन महिन्यांनी मी परत जाणार होते. पण दाजींनी मला इथल्याच शाळेत घातलं. अक्का पोराला मांडीवर घेऊन माझी वेणी घालायची. तिच्या सासूबाईंना मी आत्या म्हणायचे. त्या म्हणायच्या, "सून एक आणली, आन् जेवणाऱ्या दोन निघाल्या." पण ताटात मला कधी कमी वाढलं नाही.

मला दहावी करून नर्सचं शिकायचं होतं.

दहावीच्या वर्षी अक्काच्या नणंदेचं लग्न ठरलं. त्याच मांडवात धाकट्या दिराशी माझंही उरकावं, असं निघालं. सुचवलं अक्कानंच. "जाऊ म्हणून दुसरी कुणी आली तर माझं कसं व्हायचं? तू आलीस की दोघी जल्मभर एका घरात." जिनं वाढवलं तिला नाही कसं म्हणणार? मी एवढंच म्हणाले, परीक्षा देऊ द्या. सगळे हो म्हणाले, मनापासून म्हणाले.

मुहूर्त निघाला तो असा, की हळदीच्या दुसऱ्या दिवशी पहिला पेपर आणि तिसऱ्या दिवशी लग्न. पेपर यवतला. हळद लागलेल्या नवरीनं गावाची शीव ओलांडायची नसते, हे तोवर कुणाच्या ध्यानातच आलं नव्हतं. सकाळी मी युनिफॉर्म घालून, हातात हिरवा चुडा, दारात उभी. दाजींनी मोटारसायकल काढलेली.

"कुठं निघाली ही?" आत्यांनी विचारलं.

"यवतला. पेपर हाय तिचा," दाजी म्हणाले.

"अंगाला हळद हाय. शिवंबाहेर काय झालं म्हंजी?"

दाजींनी अक्काकडं बघितलं. मीही. ती 'जाऊ द्या' म्हणाली असती तर आत्यांनी कुरकुरत का होईना सोडलं असतं, असं मला अजून वाटतं.

"आक्टोबरला बस बाई," अक्का म्हणाली. "मला भ्या वाटतं. तुला काय झालं तर मला कोण हाय?"

मी आत जाऊन साडी नेसले. ऑक्टोबरला मला दिवस गेलेले होते. पुढच्या ऑक्टोबरला पोर अंगावर पीत होतं. मग मीच विषय काढला नाही.

लातूरला आता कुणी नाही. मला ताप आला तर अक्का जेवत नाही. परवा अंगणवाडीच्या बाईंनी माझं शिक्षण विचारलं. मी तोंड उघडायच्या आत अक्का म्हणाली, "दहावी झालीय तिची." तिला खरंच तसं वाटत असावं. मीही बाईंना तसंच लिहू दिलं.